बाटली नंबर एक

संघप्रिया खोब्रागडे पहिल्यांदा माझ्या नजरेस पडली तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराआड उभी राहून रडत होती. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी तिला एका क्षाराचं नाव विचारलं आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. म्हणजे बाटल्या धुणारा, ॲसिड मोजून देणारा, आणि परीक्षेच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना पाणी पाजणारा. सव्वीस वर्षं झाली या कामाला.

"नाव येते नं तुले?" मी विचारलं.

"येते, लहानूभाऊ."

"मंग सांगत काऊन नाई?"

तिने ओढणी तोंडावर घेतली आणि मान हलवली. पुढे एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला लागली, पण ती ओढणी काही सुटली नाही. हसू आलं की हाताचा पंजा तोंडावर. मी जरा आगाऊ माणूस आहे, गप्प बसवत नाही. कितीदा तरी म्हणालो असेन, "सोन्याचा दात लपवून ठेवला का वो, बाई?" ती पंजाआडूनच हसायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, लाजते पोरगी.

तिच्या संशोधनाचा विषय पाण्यातलं फ्लोराइड. आमच्या भागात काही बोअरच्या पाण्यात ते जमिनीतूनच येतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्यावर गेलं की लहान पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर म्हातारपणाआधीच गुडघे धरतात. दिसायला पाणी काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड. त्याची भीती कोणाला वाटेल? मला वाटायची ती निराळी. तिच्याकडे गाडी नव्हती, म्हणून माझ्या मोटारसायकलवर आम्ही गावोगाव पाणी गोळा करत फिरायचो. परतताना जंगलाच्या रस्त्यावर सूर्य कलला की माझ्या मानेचे केस उभे राहायचे. मागच्याच महिन्यात त्या रस्त्यावर एका गुराख्याला वाघाने ओढून नेलं होतं. मी गाडी हाणत सुटायचो आणि मागे ही बाई बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन शांत बसलेली.

"तुले भेव नाई वाटत का?"

"वाघाचं काऊन वाटीन? तो थोडी भाषण दे म्हनते," ती म्हणायची.

अशा चोपन्न बाटल्या जमल्या. सगळ्या प्लास्टिकच्या, कारण फ्लोराइडचं पाणी काचेत ठेवायचं नसतं. चिठ्ठ्या मी चिकटवायचो, नोंदवही ती लिहायची. वहीत गावाचं नाव नाही, नुसता नंबर. एकदा मी विचारलं, बाटली नंबर एक कुठली? ती माझ्याबरोबर आणलेली नव्हती, पहिल्याच दिवशी घरून येताना घेऊन आली होती. "हाये एका गावची," ती म्हणाली, आणि वही मिटली. त्या बाटलीचा आकडा चार पूर्णांक एक होता. सगळ्या चोपन्नात जास्त. मी काही त्यावर डोकं चालवलं नाही.

नावाऐवजी नंबर का, ते एकविसाव्या गावात कळलं. गडचिरोलीच्या बाजूला जंगलात एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. त्याचं नाव मी आजही सांगणार नाही, आणि त्या बाईचं नाव रुखमा नाही, पण इथे रुखमाच म्हणतो; तिच्या माणसांची नावंही अशीच बदललेली. टोल्याच्या पंपापाशी एक सिमेंटचा ओटा आहे, घागरी टेकवायला. आमच्याकडे घरचा माणूस गेला की ऐपतीप्रमाणे असा ओटा बांधून देतात. हा रुखमाने नवऱ्याच्या नावाने बांधला होता. आम्ही पाणी भरत होतो तेव्हा ती आली, काळा चहा दिला आणि बाटलीकडे पाहत उभी राहिली.

"पानी न्या, बाई. पन गावाचं नाव कागदावर नका लिवू."

"काऊन, काकू?"

मग तिने सांगितलं. तिची पोरगी मामाकडे वाढली, तिचे दात पांढरेशुभ्र. तिची सोयरीक आरमोरीच्या रस्त्यावरच्या एका गावात जुळली होती, लग्न वैशाखात. पाहुणे पोरगी बघायला आले त्या दिवशी टोल्यातल्या सगळ्या पोरांना खालच्या नाल्यावर मासे धरायला पाठवून दिलं होतं, कोणी पाहुण्यांसमोर हसू नये म्हणून. बाहेर बोलवा होता की असल्या पाण्याची पोरगी चाळिशीत गुडघ्यावर येते, लेकरं वाकड्या हाडाची होतात. याआधी टोल्यातल्या दोन पोरींची लग्नं मोडली होती. एक अजून घरीच आहे.

"सोमारीबाई म्हंजे होनारी विहीन लई कडक हाये," रुखमा म्हणाली. "तिले कळलं तं झालं माह्या पोरीचं."

संघप्रियाने तिचा हात धरला. "नाव लिवनार नाई, बोलनार बी नाई. तुमचं गाव एकवीस नंबर."

त्यांचं बोलणं चालू असताना मी पंपाचा फोटो काढायला गेलो. ओट्यावर शेवाळ, चिखल, कोंबड्यांची घाण. आता सव्वीस वर्षं ज्याने काच धुतली त्याला घाण भांड्याचा फोटो काढवत नाही. मी नारळाची शेंडी घेतली, दोन बादल्या पाणी ओतलं, ओटा लखलखीत घासला आणि ओला असतानाच फोटो काढला. फोटोत माणूस नाही, पोर नाही, घर नाही. नुसता पंप आणि धार. मी स्वतःवर खूश झालो.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाचं फर्मान निघालं. पीएच.डी.च्या नऊ विद्यार्थ्यांनी आपलं संशोधन तीन मिनिटांत सांगायचं, आणि तेही प्राध्यापकांपुढे नाही, साध्या लोकांपुढे. शेतकरी, बचत गटाच्या बाया, एसटीचे ड्रायव्हर, भाजीवाले. पडद्यावर एकच चित्र, एकदा दिलं की बदलायचं नाही. अडीच मिनिटांना घंटेचा एक टोल, तीनला दोन. घंटा वाजवायचं काम माझ्याकडे आलं. चोपन्न बाटल्या तीन मिनिटांत ओता म्हणणाऱ्यांचं मला नवलच वाटलं, पण माझं कोण ऐकतं.

संघप्रियाची त्या दिवसापासून झोप उडाली. डबा परत जायचा. प्रयोगशाळेत माझ्यासमोर उभी राहून ती भाषण म्हणायची, आणि म्हणताना ओठ इतके कमी उघडायचे की मला अर्धं कळायचं नाही. "तोंड उघड नं वो," मी ओरडायचो. ती कागद घडी करून ठेवायची. चित्रासाठी तिच्याकडचे फोटो पाहिले तर सगळ्यांत पोरांचे चेहरे. मी माझा मोबाइल पुढे केला. "हा घे. ना मानूस, ना गाव. कोनी ओळखीन तं नाव बदलून टाकीन मी." तिने छोट्या पडद्यावर पाहिलं, आवडलं, आणि पाठवून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दाराशी हजेरीच्या वहीवर बसलो होतो. तिचे वडील श्रीहरीभाऊ पांढरा शर्ट घालून आले. धान गिरणीत हमाली करून पोरीला शिकवलेला माणूस. माझा हात धरून म्हणाले, "बोलन का वो ते?" मी म्हणालो, बोलेल. त्यांच्यामागून बचत गटाच्या बाया आल्या. त्यातल्या एका उंच बाईने अंगठा द्यायला नकार दिला, पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. सोमारीबाई. पुढे गाव, आरमोरी रस्त्यावरचं.

मी धावत आत गेलो. संघप्रिया पडद्यामागे भिंतीला टेकून उभी होती, हातात घामाने भिजलेला कागद.

"रुखमाची विहीन आली," मी म्हणालो.

तिने ओला कागद नीट केला. "येऊ द्या. आपल्यात नाव कुठी येते?"

ते खरंच होतं. मी जाऊन घंटेच्या टेबलाशी बसलो. सोमारीबाई तिसऱ्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर.

पाच जणांचं झालं. सहावं नाव संघप्रियाचं पुकारलं. ती आली, माईकसमोर उभी राहिली आणि मागच्या बारा फुटी पडद्यावर माझा फोटो उमटला. मी अभिमानाने मान वर केली, आणि तशीच राहिली.

ओट्याच्या अंगावर अक्षरं होती. शेवाळाखाली बुजलेली, मी नकळत घासून वर काढलेली, ओल्या सिमेंटवर काळीभोर झालेली. मोबाइलवर तो नुसता डाग वाटला होता. इथे एकेक अक्षर हाताएवढं. स्व. मंगरू, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, यांच्या स्मरणार्थ, आणि खाली त्या टोल्याचं नाव. होणाऱ्या सुनेच्या बापाचं नाव विहिणीला माहीत नसेल असं कुठे होतं का? एक मुलगी तिकडे टोल्यात लग्नाची वाट पाहत बसली होती आणि मी माझ्या हाताने तिचं घर घासून उघडं केलं होतं. हातातल्या घंटेचा लोलक आतून किणकिण करू लागला. मी तो मुठीत दाबला.

संघप्रियाची पाठ पडद्याकडे. तिला काही दिसत नव्हतं. "नमस्कार," ती म्हणाली, "पाणी हा आपल्या सगळ्यांच्या..." आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नव्हता. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सोमारीबाई नव्यानेच वाचायला शिकलेल्या. अशी माणसं लिहिलेलं काही दिसलं की सोडत नाहीत. त्यांचे डोळे पडद्यावर होते आणि ओठ हलत होते. स्व. मग थांबल्या. डोळे बारीक केले. ओठ मिटून उघडले. मं.

मी उभाच राहिलो. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. संघप्रियाने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं वेळ संपली, आणि ती होती तिथेच अडली. मी घंटेनेच पडद्याकडे खूण केली. तिने मागे वळून पाहिलं.

मी तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना पाहिला. दहा वर्षांत पुष्कळ वेळा घाबरलेली पाहिली होती तिला, पण असं नाही. ती पळेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पळाली असती तर चित्र काढलं असतं, दिवे लावले असते. पण तेवढ्या वेळात सोमारीबाईंचं वाचून झालं असतं.

ती पळाली नाही. तिने माईक काढून हातात घेतला आणि चार पावलं मागे चालत गेली, अगदी पडद्याला पाठ लागेपर्यंत. प्रोजेक्टरचा उजेड सरळ तिच्या अंगावर आला. ओटा तिच्यामागे गेला. मंगरूची अक्षरं तिच्या पिवळ्या कुडत्यावर वेडीवाकडी पसरली, कोणालाच वाचता येणार नाहीत अशी. सोमारीबाईंनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. परीक्षकांपैकी एक सर म्हणाले, "जरा बाजूला उभ्या राहा, चित्र दिसत नाही."

"चित्र ऱ्हाऊ द्या, सर," ती म्हणाली. "माह्याकडेच पाहा."

पाठ केलेलं भाषण गेलं ते तिथेच. उजेडाने तिचे डोळे मिटत होते, आवाज कापत होता, पण आता तो शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. ती म्हणाली, "असं पाणी प्यायल्यानं का होते ते मी सांगत नाई, दाखवते." आणि तिने ओठ बाजूला करून तोंड उघडलं.

समोरच्या सगळ्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे. दोन दातांना खड्डे पडलेले. त्या उजेडात सगळं लख्ख दिसलं. मागच्या बाकांवरून दोन पोरं हसली, मग गप्प झाली. माझ्या डोक्यात सोन्याचा दात सोन्याचा दात एवढंच वाजत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मी कोसमटोलीची," ती म्हणाली. "माह्या मोहल्ल्याच्या पंपाच्या पान्यात चार पूर्णांक एक फ्लोराइड हाये. दीडच्या वर नाई पाह्यजे. मले पाहाले दोन जागचे पाव्हने आले आन् गेले. त्याइले वाटलं हे रक्तात हाये, लेकराइत उतरते. नाई उतरत. हे पान्यात हाये. लेकरू आठ वर्षांचं होईपर्यंत जे पानी पेते त्याचे हे दात. पानी बदला, माह्या पोटच्या लेकराचे दात तुमच्यासारखे येतीन. असा पंप सापडला तं त्याले लाल रंग मारा, म्हंजे धुनं करा, पन प्याचं पानी तिथून नेऊ नका. गावाले वाळीत टाकू नका. पोरीले त् नाईच नाई."

अडीच मिनिटं झाली, तीन झाली. माझ्यासमोर घड्याळ होतं. घंटा मी मांडीवर ठेवून दिली. परीक्षक माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते आणि मी छताकडे. चार मिनिटं होऊन गेल्यावर ती थांबली आणि तिथेच उभी राहिली. पडद्यावरचं चित्र बदलेपर्यंत जागची हलली नाही. वेळ ओलांडल्याबद्दल तिचं नाव स्पर्धेतून काढलं.

टाळ्या किती पडल्या ते मला आठवत नाही, कारण मी श्रीहरीभाऊंना शोधत होतो. कोसमटोलीच्या त्या पंपाची गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती, दहादा तरी. गावच्या विहिरीवर त्यांच्या जातीच्या बायांना घागर लावता यायची नाही. कोणी वरून ओतून देईल तोवर उन्हात उभं राहायचं. श्रीहरीभाऊंनी दोन वर्षं चंद्रपूरच्या खेपा घातल्या आणि एकोणीसशे चौऱ्याण्णव साली आपल्या मोहल्ल्यात बोअर आणली. पहिली घागर त्यांच्या आईने भरली. दोन वर्षांनी संघप्रिया जन्मली. त्या पाण्यावर वाढलेलं मोहल्ल्यातलं पहिलं लेकरू, असं ते कौतुकाने सांगायचे. मोहल्ल्यातल्या पोरांच्या दातांचं खापर ते कधी गुटख्यावर फोडायचे, कधी मंजनावर. आता ते पाचव्या रांगेत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. उठले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी सोमारीबाई आल्या आणि संघप्रियासमोर उभ्या राहिल्या.

"त्या ओट्यावर का लिवून होतं वो? तू मधात आली, मले पुरं वाचता नाई आलं."

"कोन्या मयताचं नाव होतं, काकू," संघप्रिया म्हणाली. तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला आणि परत खाली आला.

"मं पर्यंत वाचलं मी." त्या तिच्याकडे एकटक पाहत राहिल्या. "आमच्या व्याह्याच्या नावाचा बी मं च हाये. मेला बिचारा." मग त्यांनी विचारलं, "लेकराइत उतरत नाई म्हनतेस. खरं?"

"खरं, काकू. मी चार वर्षं तेच करून राह्यली."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, पदर खोचला आणि जीपकडे चालू लागल्या. लग्न वैशाखात ठरल्याप्रमाणे झालं. मी जेवून आलो, पण ओट्याकडे मान वर करून पाहायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मात्र अजून एक व्हायचं होतं. श्रीहरीभाऊ बाहेर कडुलिंबाखाली उभे होते. संघप्रिया त्यांच्याकडे गेली, मी चार पावलं मागे. रुखमाला वाचवायला तिने बापाने आणलेल्या पंपाचं नाव पुढे केलं होतं, हे तिलाही आता कळत होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी दाराआड उभी होती तशीच ती उभी राहिली.

"त्या पंपाचं पानी तपासलं तू?" त्यांनी विचारलं.

"पयलं तेच, बाबा."

"कवा?"

"चार वर्षं झाले."

"मले काऊन नाई सांगतलं?"

ती खाली मातीकडे पाहत राहिली. त्यांनी तिच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं आणि लहान लेकराचं पाहावं तसे तिचे दात पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी ते नीट पाहिले होते की नाही, देव जाणे. मग हात काढून घेतला.

"आजीनं पयली घागर भरली होती," ते म्हणाले.

कोसमटोलीची एसटी चारला होती. दोघं स्टँडकडे निघाले आणि मी पोचवायला बरोबर. रस्त्यात हार्डवेअरच्या दुकानापाशी श्रीहरीभाऊ थांबले. आत गेले. दुकानदाराने काय पाहिजे विचारलं तर त्यांनी एक बोट वर केलं.

"लाल रंगाचा एक डब्बा द्या," ते म्हणाले. "आन् तो माराले एक बरस."